निंबाखाली आलेली हद्द

दूधवाला माप ओततो तेव्हा मी दुधाकडे पाहत नाही, त्याच्या अंगठ्याकडे पाहतो. अंगठा मापात किती बुडाला आहे ते कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. वर्गात एखादा मुलगा पोट दुखतं म्हणाला, तर आज कोणता पेपर आहे हे मी आधी आठवून पाहतो. माझी बायको म्हणते, तुमच्यासमोर देव उभा राहिला तरी तुम्ही त्याला म्हणाल, जरा वळून दाखव.

ती हे हसत म्हणते. पण या स्वभावापायी मी एकदा सख्ख्या भावावर पाळत ठेवली. वडील गेल्यावर ज्यानं मला वाढवलं, स्वतः शेतात राहून मला नागपुरात शिकवलं, त्या दादानं शेजाऱ्याची जमीन गिळली आहे की नाही, हे मला शोधून काढायचं होतं. ते कसं झालं ते लिहितो. लिहिताना स्वतःला वाचवायचं नाही असं ठरवलं आहे. या ठरवण्यावरही माझा पुरता भरवसा नाही.

दुसरी मोठी लढाई नुकतीच सुरू झाली होती. मी नागपूरच्या एका हायस्कुलात इतिहास-भूगोल शिकवत होतो. त्या वर्षीच्या संमेलनात मुलांनी आपापल्या गावाचे जुने आणि नवे नकाशे मांडावेत, म्हणजे गाव कसं बदललं ते त्यांना कळेल, अशी कल्पना हेडमास्तरांनी काढली. मुलांना सांगण्याआधी आपण करून पाहावं म्हणून मी आमचा कसबा घेतला. सावनेरला छोट्या रेल्वेगाडीतून उतरलं की पुढे छकड्यानं जावं लागतं, असं ते गाव. जमाबंदीच्या दप्तरात अर्जविनंत्या करून दोन नकाशांच्या नकला उतरवून घेतल्या. एक माझ्या आजोबांच्या वेळच्या बंदोबस्तातला, म्हणजे सरकारी जमीनमोजणीतला. दुसरा त्यानंतरच्या बंदोबस्तातला, मी नागपुरात शिकायला गेलो त्या सुमाराचा.

मला त्या कामाची गोडी लागली, हे कबूल करतो. जुन्या नकाशात तळ्याच्या पाळीवर आमराई होती. नव्यात तिच्या जागी कापसाचं जिन आलं होतं. जुना बाजार देवळापुढे भरे, तो सडकेकडे सरकला होता. आमच्या शाळेची जागा जुन्या नकाशात चक्क खळ्याची होती. मी आयुष्यभर ज्याला गाव म्हणत आलो, ते माझ्या आजोबांना अर्धंअधिक अनोळखी वाटलं असतं. संध्याकाळी शाळा सुटली की मी लकडगंजातल्या बिऱ्हाडी परतायचो. आसपासच्या लाकडांच्या टालांमधून भुसा उडत असे, तो कागदावर बसू नये म्हणून खिडकी लावून घ्यायचो आणि नकाशे पसरायचो.

दोन नकाशे एकमेकांवर बसवायचे तर न हललेली एखादी खूण धरावी लागते. जुना नकाशा मी पारदर्शक कापडावर उतरवला होता. तो नव्यावर ठेवायचा आणि एक खूण दोन्हीकडे जुळवायची, की बाकीचं आपोआप जुळतं. मी खूण धरली ती आमच्या शेताच्या कोपऱ्यावरच्या हद्दीच्या दगडाची. सरकारनं मोजून रोवलेला दगड, दोन्ही नकाशांत दाखवलेला. त्याहून पक्की खूण कोणती असणार?

पण दगडावर दगड ठेवला की बाकी सगळं विस्कटायचं. विहीर विहिरीवर येईना, देऊळ देवळावर बसेना, तळ्याची पाळ वाकडी जाई. माझा हात वाकडा असेल म्हणून मी ते कापड आमच्या ड्रॉइंग मास्तरांकडे नेलं. ते थट्टेखोर गृहस्थ. त्यांनी दोन्ही नकाशे खिडकीच्या काचेवर धरले, थोडे हलवले, आणि मला बोलावलं.

"का गा मास्तर, विहीर कधी चालते का?"

"नाही."

"देऊळ?"

"काय विचारता!"

"मंग हे पाहा." त्यांनी विहिरीवर विहीर आणि देवळावर देऊळ ठेवलं. तळ्याची पाळही बरोबर बसली. सगळा कसबा एखाद्या डब्यावर झाकण बसावं तसा बसला. फक्त आमच्या कोपऱ्यावरचा दगड नव्या नकाशात जुन्या जागेपासून पूर्वेला सरकला होता. त्याच्याबरोबर आमच्या शेताची सगळी कड सरकली होती, आणि शेजारच्या कोष्ट्यांच्या वस्तीची मोकळी पट्टी जवळजवळ सगळीच आमच्या बाजूला आली होती.

"दगडाले पाय फुटले दिसते," ड्रॉइंग मास्तर म्हणाले. "अन् पाय फुटले तरी दगड मालकाच्या फायद्याच्याच बाजूनं चालला. शिकवलेला दगड आहे बाप्पा! कोण कसते हे शेत?"

"आमचे दादा."

त्यांनी नकाशे काचेवरून काढून माझ्या हातात दिले. थट्टा करणाऱ्या माणसानं थट्टा सोडली की फार वाईट वाटतं. मी नकाशे गुंडाळले आणि त्यांना चहाही न विचारता निघालो.

तशा पट्टीचं महत्त्व मला लहानपणापासून माहीत होतं. कोष्टी सूत मागावर चढवण्याआधी त्याला खळ लावतात, ते लांबच लांब ताणून धरतात आणि कुंच्यानं विंचरतात. त्याला पाजणी म्हणतात. त्यासाठी सरळ, लांब आणि सावलीची जागा हवी. आमच्या शेजारच्या कोष्ट्यांची तशी जागा म्हणजे ती पट्टी, तिच्या कडेच्या निंबाच्या झाडांसकट. पण मी मोठा झालो तेव्हापासून ते पाजणी सडकेच्या कडेला करताना दिसत. आणि त्या पट्टीवर आमच्या संत्र्याच्या बागेची शेवटची ओळ उभी होती. हे दोन्ही मी शेकडो वेळा पाहिलं होतं, पण दोन्हींचा संबंध कधी लावला नव्हता. आता लावला, आणि त्यानंतर मला दादाचं काहीच सरळ दिसेना.

पुढच्या सुट्टीत मी एकटाच गावी गेलो. दादा नेहमीसारखे सावनेरच्या स्टेशनवर छकडा घेऊन आले होते. पूर्वी मला त्याचं काही वाटत नसे. या वेळी मनात आलं, स्वतः काहून आले? गडी पाठवता आला असता. वाटेत आपल्याशिवाय कोणी माझ्याशी बोलू नये म्हणून तर नाही? बैलांचा कासरा धरलेले त्यांचे हात पाहिले आणि वाटलं, एक दगड उचलायला हे हात पुरेसे आहेत.

"नकाशे काढून राहिला म्हणे तू?" दादांनी विचारलं.

"कोणी सांगितलं?"

"तूच तं मागच्या बारीले सांगितलं."

सांगितलं होतं, खरं आहे. तरी मी पिशवी मांडीखाली सरकवली.

घरी वहिनींनी संत्री सोलून पुढे ठेवली. फोड तोंडात घालताना मी विचारलं, ही कोणत्या ओळीची? "शेवटच्या," त्या म्हणाल्या. "निंबाकडच्या. तेच झाड गोड देते." मी फोड गिळली. थुंकलो नाही. पण दुसरी घेतली नाही, आणि वहिनींनी ते पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सडकेवर उभा राहिलो. शेजारचे कोष्टीकाका, दादांपेक्षा थोडे मोठे, घरच्या माणसांना घेऊन पाजणी करत होते. सुताचा ताणा चांगला लांबवर पसरला होता. तेवढ्यात जिनाकडे जाणाऱ्या कापसाच्या गाड्या आल्या. सगळ्यांनी धावत जाऊन ताणा कडेला ओढला. गाड्या गेल्या, धूळ बसली, आणि काका वाकून तुटलेले धागे जोडू लागले. त्यांच्या सुनेनं गाडीवानाला शिवी हासडली. काका तिला म्हणाले, "जाऊ दे वं. सडक त्यायची, धूळ आपली."

मी आमच्या बागेच्या कुंपणाकडे पाहिलं. आत, ज्या सावलीत हा ताणा पूर्वी पडत होता, तिथे संत्र्याची झाडं निवांत उभी होती.

आता मला फक्त दगड हवा होता. कुंपणाला लागून, थोरल्या निंबाच्या बुडाशी मातामाय होती. शेंदरानं माखून गोल झालेली, डोळे लावलेली, आमच्या अख्ख्या आळीची देवी. गाभा दिसत नव्हता इतका शेंदराचा थर. नव्या नकाशातला हद्दीचा दगड नेमका त्या जागी होता, आणि तिथे दुसरा दगड नव्हता. मी त्या देवीला नमस्कार करत लहानाचा मोठा झालो होतो. तिच्याखाली सरकारी दगड असेल हे मला कधी सुचलं नव्हतं.

दुपारी घरचे सगळे आडवे झाले. मी निंबाखाली गेलो, आजूबाजूला पाहिलं, खिशातला पेन्सिली तासायचा चाकू काढला आणि देवीच्या पाठीवरचा शेंदूर खरडू लागलो. जुना शेंदूर खपल्यांनी निघतो. खाली घडवलेल्या दगडाची सपाट बाजू लागली, आणि त्यावर छिन्नीनं खोदलेली मोजणीची फुली.

"भाऊजी, मातेले काहून ओरबाडून राहिले?"

वहिनी मागे उभ्या होत्या. हातात पाण्याचा तांब्या. माझ्या हातातला चाकू लपवण्याजोगा नव्हता. माझी बोटं शेंदरानं लाल झाली होती. खरं तेच बोललो. हा हद्दीचा दगड आहे, तो पूर्वी इथे नव्हता, तो कोणी आणला ते मला शोधायचं आहे.

वहिनींनी तांब्या खाली ठेवला. आधी त्यांनी खरडलेल्या जागेवर पाणी घातलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"तुमच्याच पायी आणली तिले."

मला वाटलं, रागात बोलताहेत. त्या रागात नव्हत्या. सासूबाईंकडून, म्हणजे माझ्या आईकडून, ऐकलेलं त्यांनी सांगितलं. मी तीन वर्षांचा असताना मला देवी निघाल्या होत्या. ताप उतरेना. माझ्या आईला कोणी तरी सांगितलं, शेताच्या कोपऱ्यावर माता उन्हात बसली आहे, ती तापली म्हणून पोर तापलं. त्या दगडाला शेंदूर कोणी लावला होता कोण जाणे. सरकारनं दगड रोवला आणि बायकांनी त्यात माता पाहिली. मग बायकांनी वाजतगाजत तिला सावलीत आणलं. जवळची सावली म्हणजे हा निंब.

"अन् माहा ताप?"

"उतरला ना. नाहीतर चाकू घेऊन कोण आलं असतं इथं?"

एवढं ऐकून कोणत्याही भल्या माणसाचं मन निवलं असतं. माझ्या मनात आलं, वहिनी दादांना वाचवताहेत. गोष्ट फार सोयीची आहे. आई तर आता नाही. तिला विचारता येत नाही.

म्हणून संध्याकाळी मी कोष्टीकाकांकडे गेलो. ज्याची जागा गेली, तो तरी आमच्या बाजूनं खोटं बोलणार नाही, असा माझा हिशेब. ते खाटेवर बसून चिलीम भरत होते. मी विचारलं, मातामायेला निंबाखाली कोणी आणलं?

"कोणी म्हणजे? आमी. मी अन् तुहा दादा. दोघंच तं होतो उचलायले. तो तवा शाळेत जाणारा पोरगा, पण हाडानं मजबूत. मी पुढून धरलं, त्यानं मागून. बाया मागं गाणं म्हणत. तुह्यी माय रडत होती."

म्हणजे दगड दादांनीच हलवला होता. माझा संशय शब्दशः खरा ठरला होता, आणि मला त्याचं काय करावं कळेना.

"पण तुमच्या निंबाखाली काहून?"

"आमच्या मायनंच म्हटलं, आणा आमच्या सावलीत. निंब आमचा, तं मातेले नाही म्हणतं का कोणी? आमच्या घरीबी तवा एक पोरगी अंथरुणावर होती." चिलीम पेटेना. त्यांनी ती झटकली. "ते नाही राहिली."

मी मान खाली घातली. त्यांनी सावली दिली होती. पुढे मोजणीवाले आले, शेंदराखालची फुली पाहिली आणि तिथून हद्द धरली. सावलीच्या मागे जमीनही गेली.

"मोजणी झाली तवा तुमी बोलले नाही?"

"काय बोलू? त्यायनं विचारलं, दगड कुठं आहे. अख्ख्या आळीनं बोट दाखवलं. मीबी दाखवलं. आमाले काय माहीत, कागदावर माता अन् हद्द एकच असते." मग ते माझ्याकडे बारीक डोळ्यांनी पाहत म्हणाले, "तू काहून आज इचारून राहिला? दादाची झडती घेऊन राहिला का गा?"

मी नाही म्हणालो. ते हसले. मास्तरला नीट खोटंही बोलता येत नाही, असं ते हसणं होतं.

एकच प्रश्न उरला होता, आणि तो दादांनाच विचारायचा होता. लहानपणी दगड उचलला ते क्षम्य. मोजणीच्या वेळी सगळ्यांनी बोट दाखवलं, तेही समजलं. पण त्यानंतर त्यांना कळलं होतं का?

दुसऱ्या दिवशी ते बागेत झाडांभोवती पाण्याची आळी खणत होते. मी त्यांच्यासमोर जमिनीवर दोन्ही नकाशे पसरले, चारी कोपऱ्यांवर ढेकळं ठेवली आणि विहिरीवर विहीर जुळवून दाखवली. त्यांना समजायला वेळ लागला नाही. फावड्याच्या दांड्यावर हनुवटी ठेवून ते बराच वेळ पाहत राहिले.

"कवा कळलं तुम्हाले?" मी विचारलं.

"संत्र्याची कलमं लावली तवा." ते नकाशाकडेच पाहत होते. "मोजणीनंतर पटवाऱ्यानं कड दाखवली. मले वाटलं, च्यायला, आपलं शेत इतकं रुंद कवा झालं? मंग मातेकडे पाहिलं अन् उमगलं."

"अन् तरी लावली?"

"लावली." थोडं थांबून ते म्हणाले, "चोरी नाही केली मी. समोर पडलेलं उचललं. तुले फरक वाटत नसन तं नको वाटू दे. मलेबी कवा कवा नाही वाटत."

मी काही तरी कठोर बोलणार होतो. तेवढ्यात ते सहज म्हणाले, "नागपुरात बोर्डिंगात तुले संत्र्याच्या करंड्या पाठवत होतो, त्या याच ओळीच्या. तू लिहीत होता, पोरं वाट पाहतात म्हणून."

मी लिहीत होतो. पोरं खरंच वाट पाहत. त्या करंड्यांमुळे मला बोर्डिंगात मान होता. मी नकाशावरची ढेकळं काढू लागलो. दगड हलला तो माझ्या तापासाठी, आणि त्या जागेची फळं खाल्ली तीही मी. सगळ्या गावात माझ्याइतका त्या पट्टीचा फायदा कोणी घेतला नव्हता, आणि चौकशी करायला आलो होतो मीच.

"आता काय करायचं म्हणतो?" दादांनी विचारलं. "माता परत उन्हात नेऊ?"

"नाही. माता राहू दे. कुंपण मागे घ्या."

"संत्र्याचा हा बहार उतरू दे," ते म्हणाले आणि खणू लागले.

आळ्यातल्या मातीसारखं मोकळं बोललेलं ते वाक्य मी नागपूरपर्यंत चघळत नेलं. बहार उतरू दे. मग म्हणतील, पुढचा बहार. मग म्हणतील, भाव पडला. संमेलनात मी आमच्या कसब्याचा नकाशा मांडला, पण आमच्या कोपऱ्यावर सुबक अक्षरांत गावाचं नाव लिहून ती कड झाकून टाकली. ड्रॉइंग मास्तरांनी ते पाहिलं आणि ते पुढच्या नकाशाकडे वळले. नकाशे खोटं बोलत नाहीत असं मी वर्गात शिकवत असे. त्यानंतर ते वाक्य मी सोडून दिलं.

बहार उतरल्याची बातमी वहिनींनी पाठवली, करंडी मात्र आली नाही. मी न कळवता गेलो. सावनेरहून पायी निघालो, म्हणजे कोणाला तयारी करायला वेळ मिळू नये.

कुंपण मागे गेलं होतं. संत्र्याच्या शेवटच्या ओळीचे बुंधे जमिनीलगत तोडलेले होते, त्यांच्यावर माती ओढली होती. निंबाखाली मातामाय होती, पाठीवर नवा शेंदूर. तिच्या पुढून, लांबवर, कोष्टीकाकांचा ताणा पडला होता. त्यांची सून कुंचा फिरवत चालली होती. गाड्या सडकेवरून जात होत्या आणि कोणी धावत नव्हतं.

मला तिथे उभं राहून डोळे भरून पाहायला हवं होतं. मी काय केलं? विहिरीच्या काठाशी गेलो, आणि तिथून नव्या कुंपणापर्यंत पावलं टाकत मोजू लागलो. जुन्या नकाशातलं अंतर मला पाठ होतं.

"मास्तर, पाय!" सून ओरडली. "ताण्यात पाय घालता का? डोळे कुठं आहेत?"

मी उडी मारून बाजूला झालो. आकडा विसरलो. कुंपणापलीकडून हसण्याचा आवाज आला. दादा तिथे उभे होते, किती वेळ ते देव जाणे.

"चुकला का?" ते म्हणाले.

माझे कान तापले होते.

"मंग पुन्यानं मोज. काहून थांबला?"

न मोजता परत गेलो असतो तर ते मनाचं मोठेपण दिसलं असतं. पण नागपूरला पोचण्याआधीच मनात किडा वळवळला असता, हे मला ठाऊक होतं, आणि बहुधा त्यांनाही. मी विहिरीपाशी परत गेलो. दादा कुंपणाची काटेरी फांदी बाजूला सारून बाहेर आले, ताणा ओलांडायचा नाही म्हणून लांबून वळसा घेतला, आणि माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. मी पहिलं पाऊल टाकलं. त्यांनी माझ्याबरोबर पाऊल टाकलं आणि मोठ्यानं मोजायला सुरुवात केली, लहानपणी माझ्याकडून पाढे म्हणून घेत त्याच आवाजात, म्हणजे आकडा पुन्हा चुकायला नको.